आवाज कुठे अडला?

भिंगारमधल्या आमच्या वर्गावर पत्रे आहेत. उर्दूचा इमला घेताना मी ‘तख़्त’ म्हणालो की मागच्या बाकांवरची मुले ‘बख़्त’ लिहीत. बरीच वर्षे मी त्यांचे गुण कापले. गेल्या पावसाळ्यात रिकाम्या वर्गात सहज टाळी वाजवली, ती लवकर विरेना. तेव्हा कुठे शंका आली की चूक मुलांची नसेल, खोलीची असेल.

खोलीचा घुमारा मोजता येतो. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे असेच एक सभागृह सोपवले गेले, जिथे व्याख्यान कोणाला नीट ऐकू येत नसे. ऑर्गनची नळी, वेळ मोजायचे घड्याळ आणि दुसऱ्या सभागृहातून रात्री उचलून आणलेल्या गाद्या एवढ्यावर त्याने मोजमाप केले. आज ते काम लॅपटॉप करतो. खर्जापासून टिपेपर्यंत चढणारा सूर वाजवायचा आणि माईकने तो परत ऐकायचा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स घालून दिले होते. एक मोफत सॉफ्टवेअर उतरवले, बटण दाबले. पडद्यावर रेघ सरकली, आवाज मात्र शून्य! त्याच लॅपटॉपवर गाणी तर छान वाजत होती.

हे कोडे समजायला थोडे मागे जावे लागते. लिनक्स 1991 चे. त्यानंतर लवकरच हन्नू सावोलायनेन या फिनलंडच्या प्रोग्रामरने साउंड कार्डाचा ड्रायव्हर लिहिला, तो पुढे ओएसएस म्हणून ओळखला गेला. त्यात बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रामला तोंड उघडता येई. 1998 च्या सुमारास यारोस्लाव कीसेला या चेक प्रोग्रामरने अल्सा सुरू केले आणि डिसेंबर 2003 च्या 2.6 कर्नेलमध्ये ते रुळले. नवे अल्सा बसवले की सगळे मार्ग मुळातच बंद असत, ते आपण हाताने उघडायचे. 2004 मध्ये लेनार्ट पोटरिंगचे काम आले, तेच पल्सऑडिओ. अल्साच्या वर बसून ते सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र करते. फेडोराने 2007 मध्ये आणि उबुंटूने 2008 मध्ये ते घेतले, तेव्हा ‘आवाज गेला’ ही तक्रार घरोघरी झाली. अलीकडे, 2021 पासून, फेडोरात त्याची जागा विम टायमन्सच्या पाइपवायरने घेतली.

आमच्या जवळचा फराहबाग एकदा बांधून, पाडून, पुन्हा उभारला गेला आणि 1583 मध्ये पुरा झाला. लिनक्समध्ये अल्सा कोणी पाडले नाही, त्याच्यावरच मजले चढवले. गाणी वाजवणारा प्रोग्राम वरच्या मजल्याशी बोलतो. मोजमापाचे प्रोग्राम मात्र अनेकदा थेट तळमजल्यावर, अल्साकडे जातात. वर कोणी आवाज लहानमोठा केला तर मोजमापच बिघडेल ना! तिथे उपकरणांची कच्ची यादी समोर येते. मी डोळे झाकून पहिले नाव निवडले होते.

फोनवर तो विद्यार्थी हसला. “सर, आवाज एचडीएमआयला चाललाय. टीव्ही जोडलाय का?”

टीव्ही कुठला! खरे कार्ड निवडले, तर ‘उपकरण वापरात आहे’ असे उत्तर आले. ब्राउझरमध्ये कव्वाली चालू होती आणि तिच्यासाठी पल्सऑडिओने कार्ड धरून ठेवले होते. ती बंद केली, सूर घुमला. आता माईकची रेघ सपाट. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून पाहिले तर रेकॉर्डिंगचा मार्गच बंद. स्पेसबार दाबला, रेघ उसळली.

घुमारा दोन सेकंदांच्या आसपास निघाला. वर्गखोलीसाठी अमेरिकन मानक 0.6 सेकंद सांगते. मागच्या भिंतीवर आता जुन्या सतरंज्या टांगल्या आहेत. चालू वर्गाच्या इमल्याच्या वह्या पुन्हा तपासायला घेतल्या. आधीच्या मुलांच्या वह्या माझ्याकडे नाहीत.