पॅन्सीची कुळकथा

फ्रेंच भाषेत विचाराला 'पांसे' म्हणतात. किंचित मान लवलेले, जणू चिंतनात गढलेले एक फूल या शब्दावरून इंग्रजीत 'पॅन्सी' झाले. हिवाळ्यात इंदूर, ग्वाल्हेर किंवा बेळगावच्या अंगणातील कुंड्यांतून हसणारे त्याचे रुंद, मखमली मुख मात्र निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. ते माळ्यांच्या चिकाटीचे फळ आहे.

युरोपातील शेतांतून व माळरानांवर 'व्हायोला ट्रायकलर' नावाचे इवलेसे रानफूल उगवते. जांभळा, पिवळा व पांढरा हे तिन्ही रंग एकाच फुलात नांदतात, म्हणून ख्रिस्ती भाविकांनी त्याला पवित्र त्रैक्याचे नाव दिले. जुन्या वैद्यकातही त्याला स्थान होते. तथापि शेकडो वर्षे ते लहानच राहिले.

इंग्लंडातील बकिंगहॅमशायर परगण्यात आयव्हर येथे लॉर्ड गँबियर यांची बाग होती. 1807 साली कोपनहेगनवर तोफा डागणाऱ्या आरमाराचे हे सेनापती. त्यांचा माळी विल्यम थॉम्पसन याने 1813 च्या सुमारास या रानफुलाची निगा सुरू केली. निवडक रोपांचे बी धरावे, दुसऱ्या जातींशी त्यांचा संकर करावा, पुन्हा निवड करावी, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला. तोवरच्या फुलांवर केवळ गडद रेघा असत. पुढे एका रोपावर रेघांच्या जागी काळसर ठिपका उमटलेला थॉम्पसनला आढळला, आणि फुलाला चेहरा लाभला! 'मेडोरा' नावाची ही जात 1839 साली बाजारात आली. 1841 मध्ये हॅमरस्मिथ येथे या फुलांच्या शौकिनांची मंडळीही स्थापन झाली.

अशा थंड मुलखातील फुलाने उष्ण देशात तग कसा धरावा? तेथे ते मुख्यतः वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी फुलते. येथे त्याला हिवाळाच मानवतो. म्हणून येथील माळ्यांनी फुलाशी झगडा न करता पेरणीचा काळ बदलला. पावसाळा ओसरताच सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरात ताजे बी सावलीत पेरावे व मातीच्या पातळ थराने झाकावे, कारण अंधारात ते चांगले रुजते. चारसहा पाने फुटली की रोपे कुजलेल्या शेणखताच्या मातीत लावावीत. सकाळचे ऊन द्यावे, दुपारचे टाळावे. पाणी मुळाशी घालावे, पण साचू देऊ नये. कोमेजलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो. गोव्याच्या किनाऱ्यावर थंडी बेताची, म्हणून तेथे हा बहरही अल्पकाळाचा.

मार्च तापू लागला की रोपे लांबट होतात, फुले बारीक पडतात. यात माळ्याचा दोष नाही. फुलाची मुदतच संपलेली असते. इतिहासाच्या पुस्तकांत लॉर्डांच्या तोफांना जागा मिळाली, माळ्याला क्वचितच. तरी दर हिवाळ्यात कुंडीतून वर पाहणारा तो चेहरा त्या माळ्याचीच देणगी आहे.