परदेशी घाटांचे सायकलवेड

परदेशात फिरायला जाणारा माणूस एरवी सुखसोयी शोधत असतो. डोंगरमाथा पाहायचा तर केबल कार असते, बस असते. तरीही दर उन्हाळ्यात फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडच्या पर्वतराजीत जगभरातून असे प्रवासी येतात, की ज्यांना माथ्यापेक्षा माथ्यापर्यंतच्या चढणीचे आकर्षण अधिक असते. काही जण आपली सायकल खोक्यात बांधून विमानाने आणतात, काही तिथेच भाड्याने घेतात आणि भल्या सकाळी दोन-दोन तासांच्या चढाला लागतात. या वेडामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याला स्वतःचे एक तर्कशास्त्रही आहे.

तोफा आणि घोड्यांसाठी बांधलेले रस्ते

आज सायकलस्वारांची तीर्थक्षेत्रे ठरलेले अनेक घाट मुळात सैन्य आणि व्यापार यांच्यासाठी बांधले गेले. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता हे याचे ठळक उदाहरण होय. लोम्बार्डी प्रांत ताब्यात आल्यावर तो टिरोलशी जोडण्यासाठी ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधून घेतला. कार्लो दोनेगानी हे त्याचे अभियंता. प्रातो गावाच्या बाजूने सुमारे २४ किलोमीटरमध्ये हा रस्ता जवळपास १८०० मीटर चढतो आणि ४८ तीव्र वळणे घेत २७५७ मीटर उंचीवर पोहोचतो. घोडागाड्यांना झेपेल असा चढ ठेवायचा, तर डोंगराच्या अंगावर नागमोडी वळणे घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. घोड्याला मानवणारा तोच चढ पुढे सायकललाही मानवला.

चढाचे माप टक्क्यांत सांगतात. ८ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर जाणे. कागदावर हा आकडा किरकोळ भासतो. मात्र सलग तासभर तो चढल्यावर त्याचा अर्थ मांड्यांना कळतो. फ्रान्समधील अनेक घाटांत दर किलोमीटरला दगड रोवलेले असतात. माथा किती दूर आहे, आपण किती उंचीवर आहोत आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती, हे सारे त्यावर लिहिलेले असते.

शर्यतीने दिलेली कीर्ती

या घाटांना जगभर नाव मिळवून दिले ते ‘टूर द फ्रान्स’ने. १९१० साली ही शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेण्यात आली. २११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड तेव्हा कच्च्या रस्त्याची होती आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव लापिझ यालाही चढाचा काही भाग पायी तुडवावा लागला. १९१३ साली याच खिंडीच्या उतारावर यूजेन क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घेण्यास मनाई असल्याने सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत एका खेड्यातील लोहाराकडे गेला आणि स्वतःच्या हाताने चिमटा दुरुस्त केला. भाता हलवायला एका मुलाने हात लावला, एवढ्यावरून त्याला दंड झाला!

पर्वतातील चढांसाठी १९३३ पासून या शर्यतीत स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि १९७५ पासून त्यात आघाडीवर असलेल्यास लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळू लागली. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब याच जातकुळीचा.

आल्प्समधील आल्प द्युएझ या घाटाचा मान काही वेगळाच. पायथ्याच्या बूर-द्वाझाँ गावापासून १३.८ किलोमीटर अंतर, सरासरी ८ टक्के चढ आणि २१ वळणे. वळणांचे क्रमांक उलटे आहेत. खाली २१ आणि माथ्याजवळ १. त्यामुळे दर वळणागणिक किती उरले ते आपोआप कळत जाते. १९५२ साली येथे टूरचा टप्पा प्रथमच पर्वतमाथ्यावर संपला आणि तो इटलीच्या फाउस्टो कॉपीने जिंकला. येथे जिंकलेल्यांची नावे वळणांवरच्या फलकांवर आहेत. २०२४ मध्ये महिलांच्या टूरची अखेरही याच माथ्यावर झाली. डेमी व्होलरिंगने टप्पा जिंकला, पण अवघ्या ४ सेकंदांच्या फरकाने एकूण विजेतेपद पोलंडच्या कातार्झिना निएव्हियादोमाने राखले.

सामान्य प्रवाशाला ओढ लागते ती येथेच. लॉर्ड्सच्या खेळपट्टीवर हौशी क्रिकेटपटूला कोणी फलंदाजी करू देत नाही. आल्प द्युएझचा रस्ता मात्र सार्वजनिक आहे. कॉपी जेथून चढला, तेथून पुण्या-नाशिकचा एखादा बँक कर्मचारीही विनामूल्य चढू शकतो. अव्वल व्यावसायिक सायकलपटूंना येथे ४० मिनिटांच्या आसपास लागतात. सराव असलेल्या हौशी स्वाराला एक ते दीड तास. दोघांच्या वेळांत अंतर असले तरी रस्ता, वळणे आणि मोजपट्टी तीच राहते.

चढ खोटे बोलू देत नाही

सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. तेथे दुसऱ्याच्या मागे लपून दम वाचवता येतो आणि पाठीवरचा वारा वेग वाढवतो. तीव्र चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, हवेचा विरोध जवळपास नाहीसा होतो आणि उरते ते गुरुत्वाकर्षण. सायकलसह ८० किलो वजन आल्प द्युएझवर सुमारे ११०० मीटर वर उचलावे लागते. दीड तासाच्या या चढणीत एक किलो वजन कमी असेल, तर सुमारे एक मिनिट वाचतो. चढ स्वाराच्या ताकदीचे व वजनाचे माप इतके नेमके काढतो. वर्षभराचा सराव किंवा त्यातील आळस, दोन्ही येथे उघड होतात.

मंद वेगाचा आणखी एक लाभ म्हणजे प्रदेश खऱ्या अर्थाने दिसतो. प्रोव्हान्समधील माँ व्हाँतू हा १९०९ मीटर उंचीचा एकाकी पर्वत बेदुआँ गावाकडून चढताना प्रथम द्राक्षमळे लागतात, मग दाट रान आणि शेवटच्या सहा किलोमीटरांत पांढऱ्या चुनखडीचा उघडा डोंगर. मोटारीत अर्ध्या तासात मागे पडणारा हा बदल सायकलस्वार दोन-अडीच तास अंगावर घेतो. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ साली हा डोंगर पायी चढला. केवळ उंचावरून काय दिसते ते पाहण्यासाठी आपण गेलो, असे त्याने पत्रात लिहिले आहे.

सिम्पसनचे स्मारक

याच डोंगरावर माथ्यापासून दीडेक किलोमीटर अलीकडे एक स्मारक आहे. १३ जुलै १९६७ रोजी टूरमध्ये भर उन्हात चढताना ब्रिटनचा माजी विश्वविजेता टॉम सिम्पसन येथे कोसळला आणि मरण पावला. तो अवघा २९ वर्षांचा होता. उष्णता, अतिश्रम आणि शरीरात आढळलेले उत्तेजक द्रव्य ही त्याच्या मृत्यूची कारणे ठरली. थकवा हा शरीराने दिलेला इशारा असतो आणि उत्तेजकाने तोच दडपला जातो. सायकलस्वार आजही येथे थांबतात, पाण्याची बाटली किंवा टोपी ठेवून पुढे जातात.

जाणाऱ्यांसाठी

जायचे असेल तर तयारी हवी. जून ते सप्टेंबर हा काळ योग्य, कारण उंच खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद असतात. मेरानो-माल्स रेल्वेमार्गावरील स्पोन्दिन्या स्थानक स्टेल्व्हिओच्या पायथ्याजवळ आहे. सायकलला पुढे ३४ दातांचे लहान चक्र आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचे मोठे चक्र असावे, म्हणजे पाय अडखळत नाहीत. पहिली काही वळणे मुद्दाम सावकाश चढावीत. सुरुवातीला उधळलेला दम पुढे परत मिळत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते आणि घामाने भिजलेल्या अंगाला उतारावरचा वारा बोचतो. पूर्वी शर्यतपटू माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन ते जर्सीत छातीशी कोंबत. आता पातळ जाकीट खिशात असते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, वळणाआधी वेग आटोक्यात आणावा आणि वाहतूक उजव्या बाजूने चालते याचे भान ठेवावे.

छातीत दुखले, गरगरले किंवा आभाळ फिरले, तर मात्र वळून खाली यावे. माथा पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे आणि वळणांचे क्रमांकही तेच असणार आहेत.