मुंबईचे दोरखंड आणि तागाचे शेत

फोर्टात काळ्या घोड्याजवळ ‘रोप वॉक लेन’ नावाची जी चिंचोळी गल्ली आहे, तिच्या नावात मुंबईच्या एका लुप्त कारखान्याची खूण उरली आहे; अशा कारखान्यांतून कमरेभोवती वाख गुंडाळलेला कामगार, बोटांनी तो थोडाथोडा सोडीत, पाठमोरा चालत दोर वळीत जाई. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येऊन येथील गोदीत रुजू झाले, 1750 साली सुकी गोदी उभी राहिली, आणि 1810 साली येथेच बांधलेली ‘मिंडेन’ ही युद्धनौका दर्यावर गेली. परंतु सागवान कितीही अस्सल असले तरी दोराविना जहाज पांगळेच, आणि ब्रिटिश आरमाराचा दोर प्रायः रशियन भांगेच्या वाखाचा असे. रशिया आणि फ्रान्स यांच्यातील 1807 च्या टिल्झिटच्या तहाने ती रसद धोक्यात येताच कंपनी सरकारची दृष्टी हिंदुस्थानी तागाकडे अधिकच वळली. बंगालच्या पाटाहून, म्हणजे ज्यूटहून, निराळा, पिवळ्या फुलांचा आणि खुळखुळणाऱ्या शेंगांचा हा ताग पुढे विलायती बाजारात ‘बॉम्बे हेम्प’ म्हणून विकला जाऊ लागला. मुंबई मात्र त्याचे केवळ बंदर होती.

माहीम-वरळीच्या कोळीवाड्यांना या वाखाचे मोल कोणत्याही तहावाचून ठाऊक होते. डोल जाळी तागाच्या सुताची असत, आणि खाऱ्या पाण्याने ते सूत लवकर कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवीत.

गोदीच्या दफ्तरांपेक्षा मला हा ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे शहाणपण अधिक मोलाचे वाटते. बी तो मुद्दाम दाट फेकी. त्यामुळे खोडे फांद्या न फोडता सरळ वाढत, वाख लांब निघे, आणि पीक गुडघ्याच्या वर गेले की खालच्या तणाला ऊनच न मिळाल्याने खुरपणीची मजुरी बहुतेक वाचे. पिकाला खत केव्हा घालावे हा नेहमीचा प्रश्न तर येथे उलटाच होता, कारण मुळांच्या गाठींतून हवेतील नत्र बांधणारा ताग स्वतःच खत आहे. पेरणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, फुले येऊ लागताच नांगराखाली गाडला तर तो जमिनीचा. उभा राखून, कापून, पेंढ्या पाण्यात कुजत घालून सोलला तर व्यापाऱ्याचा. मध्येच मन बदलण्यास फारसा वाव नसे, कारण निबर झालेले खोड जमिनीत लवकर कुजत नाही आणि कोवळ्या खोडाचा वाख टिकाऊ निघत नाही. मुंबईचा निरख आणि शेताची भूक यांतून एकाची निवड शेतकऱ्याला अशी थोडक्या दिवसांत करावी लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनने कोळीवाड्यातील तागाचे सूत हद्दपार केले. आज महाराष्ट्रात ताग पेरणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाख नसतोच. उसाच्या लागणीपूर्वी ते तो दाट पेरतात, कळ्या उमलू लागताच गाडतात, आणि तो पुरता कुजेपर्यंत लागण लांबवतात.