आपले मूळपुरुष : ऐकलेले आणि पडताळलेले

आपल्या वटार गावात, किंवा शेजारच्या निर्मळ, आगाशी, सोपाऱ्यात कोणत्याही जुन्या घरी विचारावे, ‘तुमचे मूळ कुठले?’ उत्तर बहुधा तयार असते. कोणी सांगतो, आम्ही बिंब राजाबरोबर आलेल्या सहासष्ट कुळांतले. कोणी सांगतो, आमचे पूर्वज चिमाजी आप्पांच्या फौजेत होते. ऐकताना अभिमान वाटतो, आणि तो वाटावा यात गैर काही नाही. परंतु भगिनींनो, ऐकलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट या दोन्ही एकाच ताटात वाढू नयेत. तांदूळ निवडतो तशीच कुळकथाही निवडावी लागते.

प्रथम बिंब राजाची कथा घेऊ. ती ‘महिकावतीच्या बखरी’त आहे. ही बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. ती एका हातची नाही. तिचा काही भाग केशवाचार्याने शके १३७० म्हणजे १४४८ च्या सुमारास लिहिला, तर काही भाग शके १५०० म्हणजे १५७८ च्या सुमाराचा आहे. बखरीप्रमाणे प्रताप बिंब कोकणात आला तो शके १०६० च्या सुमारास, म्हणजे ११३८ साली. मध्ये तीनशे वर्षे गेली! आपल्या घरातली शंभर वर्षांपूर्वीची हकीकत सांगताना दोन जावांचे एकमत होत नाही. मग तीनशे वर्षांनी लिहिलेल्या हकिकतीत किती भर पडली असेल आणि किती गळले असेल?

आता दगडावरचे लेख काय सांगतात ते पाहावे. त्या काळी उत्तर कोकणात शिलाहार राजा अपरादित्य राज्य करीत होता. त्याने आपल्या सोपाऱ्याहून तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठविल्याचे संस्कृत काव्यात नमूद आहे. पुढे शिलाहारांचे राज्य देवगिरीच्या यादवांनी घेतले. ठाण्यास सापडलेल्या १२७२ आणि १२९० च्या ताम्रपटांत यादव राजा रामचंद्राचे अधिकारी अच्युत नायक आणि कृष्णदेव यांची नावे आहेत. तेव्हा यादवांची सत्ता येथे होती हे पक्के. रामदेवरावाचा पुत्र बिंबदेव कुळे घेऊन आला, ही मात्र बखरीची साक्ष. तिला खोटे म्हणू नये, पण ताम्रपटाच्या पंक्तीलाही बसवू नये. आणि आपले घर त्या सहासष्टांपैकी अमुक कुळाचे, असे म्हणायचे तर मधल्या पिढ्यांची साखळी दाखवावी लागेल. ती साखळी किती घरांत आहे?

दुसरी कथा वसईच्या लढाईची. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. आमच्या सासरी सांगत की खापरपणजोबा त्या लढाईत होते. येथे साधा हिशेब करावा. एक पिढी पंचवीस ते तीस वर्षांची धरली, तर १७३९ पासून आजवर नऊ ते अकरा पिढ्या होतात. खापरपणजोबा म्हणजे वरची चौथी पिढी. तेव्हा लढाईत कोणी पूर्वज असलाच, तर तो हा नव्हे. मधली पाचसहा नावे गळाली आणि आठवणीत राहिलेल्या शेवटच्या नावाला तलवार चिकटली. कुळकथेत असे फार वेळा होते.

काही कथा मात्र कसोटीस उतरतात. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत बांधल्या, असे आपण ऐकतो. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे इसवी सनाचे साल आजही उठून दिसते. देऊळ १७४७ चे, घंटा त्याआधीची. हिशेब जुळतो.

मग आपण शोध कुठे घ्यावा? गाव नमुना चौदाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार आणि शाळेचे दाखले आहेत. आपल्या ख्रिस्ती शेजारणींना चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तके आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या वडीलधाऱ्यांची नावे मिळतात. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. कागदही डोळे मिटून मानू नये. आपल्याकडे कितीतरी माणसांचा जन्म १ जूनला झालेला आहे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख बसवून टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक दफ्तर आपल्या ताब्यात आहे, ते स्वयंपाकघरात. जुने हंडे, कळशा, पराती पाहाव्यात. त्यांवर नाव, गाव, कधी लग्नाची तारीखही कोरलेली असते. भांडे मोडीत घालण्याआधी ते नाव वहीत उतरवून घ्यावे. सासूबाईंच्या सासूचे नाव दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, असे होऊ शकते.

कारण वंशावळीत आपण बायका कुठे असतो? बापाखाली मुलगा, त्याखाली नातू. मुलगी लग्न होऊन गेली की फांदी तुटली. सून आली, तिचे माहेरचे नाव पुसले. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावे घेतात, तेवढीच काय ती आठवण. त्यापुढची बाई कुठली, कोणाची लेक, हे कोणी सांगू शकत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला, हे चांगलेच. पण मागच्या आयांचे काय? ते काम सरकार करणार नाही, आपणच करावयाचे आहे.

तेव्हा प्रत्येकीने एक वही घालावी. पानाच्या मध्ये रेघ ओढावी. एका बाजूस ‘ऐकले’ : कोणी सांगितले, केव्हा सांगितले. दुसऱ्या बाजूस ‘पाहिले’ : कोणत्या कागदावर, कोणत्या भांड्यावर. कथा खोडू नये, तीही घराचे धन आहे. फक्त तिची जागा बदलू नये. आणि गावात ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांच्याकडे आधी जावे. कागद थांबेल, माणूस थांबत नाही.