वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि एका स्प्रिंगची गोष्ट

मंडळी, सूर्यमाळच्या या पठारावरून मोखाडा आणि त्र्यंबक ओलांडलं की नाशिक येतं. दुसऱ्या बाजूला घाट उतरत गेलं की ठाणे. २०१४ पर्यंत तर आपला जिल्हाही ठाणेच होता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही माणसं आपल्याला ठाऊक आहेत. आज आपण त्यांच्या हातातल्या यंत्राबद्दल बोलू.

लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईत उतरला. त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. आता ब्राउनिंग म्हणजे काय? उदाहरणाला बेल्जियममध्ये बनलेला १९०० चा नमुना घेऊ. ७.६५ मिलिमीटरचं काडतूस, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात.

या नमुन्याची गंमत अशी, की स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंगच काडतुसावर आघात करणाऱ्या सुईलाही जोर देते. म्हणजे एक स्प्रिंग थकली की दोन दुखणी उद्भवतात: स्लाइड पुरती मिटत नाही, आणि मिटलीच तर सुईचा ठोका हलका पडतो. पुंगळी आतच अडकली तर तिला ओढणारा आकडा झिजला आहे का, हे पाहावं लागतं. नवं काडतूस तिरकं चढलं तर मॅगझिनचे ओठ वाकले असतील. दुसरं मॅगझिन लावल्यावर दोष गेला तर पिस्तूल निर्दोष. आणि काडतूसच सर्दावलेलं असेल तर धक्का अपुरा पडून स्लाइड अर्ध्यावरूनच परतते. तेव्हा उगाच स्प्रिंगला दोष देऊ नये.

खरा प्रश्न पुढे आहे. हे दुखणं दाखवायचं कुणाला? आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ठासणीची बंदूक माहीत आहे. तिची कळ बिघडली तर गावचा लोहार निभावून नेई. दारू आणि छर्रे मिळाले की काम भागे. ब्राउनिंगला मात्र कारखान्याची स्प्रिंग हवी, कारखान्याचंच काडतूस हवं. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना पिस्तूल बाळगणं हाच गुन्हा, मग ते दुरुस्तीला कोण नेणार? सरावात उडवलेली प्रत्येक गोळी साठ्यातून कमी होत होती. हत्यार आधुनिक होतं, पण त्याची नाळ युरोपातच राहिली होती.

ही नाळच पुढे पुरावा ठरली. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि नाशिकच्या गोळीचा धागा सरकारने लंडनपर्यंत नेला. ३० जानेवारी १९११ ला सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली ती याच प्रकरणात.

म्हणून आम्ही म्हणतो, संग्रहालयातलं जुनं पिस्तूल घासूनपुसून चकचकीत करू नका, थकलेली स्प्रिंग बदलू नका. आकड्याची झीज आणि नळीतला गंज यांतूनच कळतं की ते खूप चाललं, की नुसतं दडवून ठेवलेलं होतं. आणि कुणाच्या माळ्यावर असं काही सापडलं, तर चाप ओढून बघण्याचा मोह टाळा. ते भरलेलं आहे असं समजूनच वागा, हात न लावता पोलिसांना कळवा, आणि ते कुठे, कशात गुंडाळलेलं होतं हे लिहून ठेवा. पिस्तुलाइतकंच ते फडकंही इतिहास सांगतं.