घरखरेदीतील विक्रेत्याचा मध्यस्थ

विक्रेत्याचा मध्यस्थ (बोलीभाषेत दलाल किंवा एजंट) म्हणजे घर वा भूखंड विकण्यासाठी मालकाच्या वतीने ग्राहक शोधणारी व व्यवहार जुळवणारी व्यक्ती. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ नुसार ती मालकाची अभिकर्ता ठरते. त्यामुळे तिचे कर्तव्य प्रथमतः विक्रेत्याशी असते, खरेदीदाराशी नव्हे.

कायदेशीर स्थान

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विकासकाची घरे वा भूखंड विकणाऱ्या मध्यस्थास नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) करते. विनानोंदणी काम केल्यास प्रतिदिन १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्के आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीतून सूट आहे. मालकाने स्वतःचे जुने घर विकल्यास त्या व्यवहारातील मध्यस्थास नोंदणीची ही अट लागू होत नाही. तेथे करार अधिनियमाचाच आधार उरतो. त्याच्या कलम २३८ नुसार, अभिकर्त्याने मालकासाठी काम करताना केलेल्या चुकीच्या निवेदनाचा करारावर होणारा परिणाम मालकाने स्वतः ते केल्याप्रमाणेच असतो.

दलाली

महाराष्ट्रात दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. तो परस्पर संमतीने ठरतो. काही मध्यस्थ दोन्ही पक्षांकडून दलाली घेतात. अन्यथा ठरले नसल्यास, काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही (कलम २१९). दर व देण्याची वेळ आधीच लेखी ठरविल्यास वाद टळतात.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे येथील काही जमिनींना इनामाचा इतिहास आहे. देवस्थान वा सेवा इनामाच्या, तसेच भोगवटादार वर्ग २ म्हणून नोंद असलेल्या जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंध असून त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. घर पक्के असले तरी त्याखालच्या जमिनीचा हा दोष कायम राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा व लोहारा परिसरात पुनर्वसित गावे वसली; तेथील घर घेताना वाटपाच्या अटी तपासाव्या लागतात.

खरेदीदाराने घ्यावयाची काळजी

मध्यस्थाच्या तोंडी माहितीची पडताळणी पुढील कागदपत्रांवरून करता येते :

* सातबारा उतारा व फेरफार, किंवा मिळकत पत्रिका : मालकी, वारस, बोजा आणि भोगवटा वर्ग
* ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगरपरिषदेचा कर उतारा : केवळ करआकारणीची नोंद; मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे
* अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन व बांधकाम परवाना
* सूची क्रमांक २ आणि वकिलाचा शोध अहवाल. हा शोध सहसा ३० वर्षांचा असतो

मध्यस्थ मुखत्यारपत्रावर व्यवहार करीत असल्यास ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार आहे का आणि ते अद्याप अमलात आहे का, हे मालकास प्रत्यक्ष भेटून पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले. इसाराची रक्कम मध्यस्थाकडे न देता मालकाच्या बँक खात्यात भरून इसारपावती घेणे सुरक्षित असते. साठेखताने मालकी मिळत नाही; मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये वा अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी नोंदणीकृत खरेदीखत आवश्यक असते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, परंतु मालकी निर्दोष असल्याची हमी देत नाही.