मनाच्या रोगांची नावे

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत हे दोन तीर एकमेकांविरुद्ध उभे राहतात. एरवी दोहोंकडे घरी मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला ‘स्किझोफ्रेनिया’ या रोगाची दोन देशी नावे भेटतात : हिंदीत ‘मनोविदलता’, मराठीत ‘छिन्नमानस’.

मूळ नाव तरी इंग्रजांच्या घरचे कोठे आहे? स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी ते १९०८ साली ग्रीकमधून घडविले. ‘स्खिझो’ म्हणजे दुभंगणे, ‘फ्रेन’ म्हणजे मन. फ्रॉइडची कथा तर अधिक मौजेची. त्यांनी मनाचे विभाग ‘मी’ आणि ‘ते’ अशा जर्मन भाषेतील अगदी घरगुती सर्वनामांनी ओळखविले होते. इंग्रज भाषांतरकारांनी त्यांना ‘इगो’ आणि ‘इड’ असा लॅटिन पोशाख चढविला, आणि त्याच चालीवर मराठीत ‘अहम्’ आणि ‘इदम्’ आले. साधे बोलणे शास्त्राला मानवत नाही, हा समज सर्वत्र सारखाच!

युरोपला ग्रीक-लॅटिन, तसे भारतीय भाषांना संस्कृत, हा विचार नागपुरात डॉ. रघुवीर यांनी हिरिरीने मांडला. वीस उपसर्ग, ५२० धातू आणि ८० प्रत्यय यांतून हवे तितके शब्द घडविता येतात, असे त्यांचे गणित होते. सावरगावचीही राजधानी तेव्हा नागपूरच होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये वेगळी झाली. संस्कृतचे भांडार एकच, परंतु हिंदीत ‘मनोविज्ञान’ रुळले, मराठीत ‘मानसशास्त्र’.

घडविलेला शब्द जगेलच असे नाही. ‘न्यूनगंड’ मात्र जगला, आणि मानसशास्त्राचे पुस्तक कधी न उघडलेल्यांच्याही तोंडी बसला. ‘गंड’ म्हणजे गळू. मनात ठसठसणाऱ्या गोष्टीला याहून नेमके नाव मिळणे कठीण.

‘छिन्नमानस’ या नावाने मात्र रुग्णांचे नुकसानही केले आहे. ब्लॉयलर यांना विचार, भावना आणि वर्तन यांतील सांधा सुटणे अभिप्रेत होते. नाव ऐकणारा समजतो की, एकाच देहात दोन माणसे नांदत आहेत. जपानी भाषेतही ‘मनोभंगाचा रोग’ अशाच अर्थाचे नाव होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी ते बदलण्याची मागणी केली, आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘एकसंधता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. जाम नदीच्या दोन्ही तीरांवर अद्याप जुनीच नावे चालतात.